जागतिक बँकेने वसवलेले गाव

खेड्याचे वर्णन करायची एक ठरलेली रीत आहे. खेडे शहरापासून किती अंतरावर आहे ते आधी सांगायचे, मग नदी, मग देऊळ, मग उंबरे किती, विहिरी किती, आणि शेवटी गावकरी स्वभावाने कसे साधेभोळे आहेत ते. या रीतीने जावा बेटावरच्या खेड्यांचे जितके वर्णन झाले तितके क्वचितच दुसऱ्या कुणाचे झाले असेल. क्लिफर्ड गीर्ट्झ हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात पूर्व जावातल्या पारे इथे जाऊन राहिला, त्या ठिकाणाला त्याने ‘मोजोकुतो’ असे टोपणनाव दिले आणि तिथले शेजारी एकमेकांना जेवायला कधी बोलावतात, का बोलावतात आणि उरलेला भात कसा घरी नेतात यावर पानेच्या पाने लिहिली. चारकोपला असा कोणी आला नाही. कारण सरकारी आहे. १ फेब्रुवारी १९५७ रोजी दहिसर-मुलुंडपर्यंतचा टापू बृहन्मुंबईत घेतला गेला, त्या दिवशी चारकोप कागदोपत्री महानगर झाले, आणि महानगरातल्या शेजाऱ्यांच्या जेवणावळी मोजायला विद्यापीठे सहसा प्रवासखर्च देत नाहीत. माझे म्हणणे असे की इथे विद्यापीठांचा हिशेब चुकला. कांदिवली पश्चिमेचे चारकोप आजही गाव आहे. त्यातही गंमत अशी की या गावपणाचा मोठा वाटा जुन्या गावठाणाकडे नाही. तो १९८०च्या दशकात परदेशी कर्जाच्या पैशाने, म्हाडाच्या इंजिनिअरांनी, ‘सेक्टर’ असे रुक्ष नाव देऊन वसवलेल्या बैठ्या घरांकडे आहे.

आता गाव कशाला म्हणायचे ते ठरवून घेऊ, नाहीतर वाद गावभर होईल आणि निकाल कुठेच लागणार नाही. शेती, बैल, पार, पाणवठा ही गावाची लक्षणे शाळेच्या निबंधापुरती ठीक आहेत. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला म्हणून पश्चिम महाराष्ट्रातले कुठले गाव शहर झाले नाही. पाणवठा गेला आणि नळ आला म्हणूनही झाले नाही. तेव्हा गाव ओळखायची जास्त टिकाऊ कसोटी हवी. ती अशी: जिथे माणसाची बातमी माणसाच्या आधी घरी पोहोचते ते गाव. शहरात शेजाऱ्याचे आडनाव दारावरच्या पाटीवरून कळते. गावात त्याच्या सासऱ्याची शुगर उपाशीपोटी किती आणि जेवणानंतर किती हेही माहीत असते. या कसोटीवर कफ परेडचा टॉवर शहर ठरतो, सांगलीकडचे वीस हजार वस्तीचे गाव गावच राहते, आणि चारकोपचा निकाल लावायला फार कष्ट पडत नाहीत.

भूगोल आधी उरकून घेऊ. पूर्वेला कांदिवली स्टेशन आणि तिथून सुटणाऱ्या शेअर रिक्षा, पश्चिमेला कांदळवन आणि त्यापलीकडे मनोरीची खाडी. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आणि २०१८ साली ती आणखी कडक केली, त्यामुळे चारकोपला एक गोष्ट लाभली जी मुंबईत आता कोणाकडेच नाही, ती म्हणजे वेस. बोरिवली कुठे संपते आणि दहिसर कुठे सुरू होते यावर भांडण होऊ शकते. चारकोप पश्चिमेला कुठे संपते यावर होऊ शकत नाही, कारण तिथे पाय चिखलात जातो. गावाच्या पत्त्याचेही तसेच. आराखडा करणाऱ्यांनी सेक्टर, आरएससी, आरडीपी, प्लॉट असे आकडे इतक्या शिस्तीने दिले की चंदीगडलाही हेवा वाटावा. तो शिस्तबद्ध पत्ता घेऊन येणारा पार्सलवाला शेवटी नाक्यावरच्या पानटपरीवर विचारतो, आणि टपरीवाला आकडे न ऐकता आधी ‘कोणाकडे?’ असे विचारतो. जिथे आकड्यापेक्षा माणसावरून घर लवकर सापडते तिथे शहराचे अर्धे प्रमाणपत्र रद्द झालेच म्हणून समजा.

महानगराने चारकोपला कसे वागवले तेही बघा. २००९ साली थेट राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते चारकोप–वांद्रे–मानखुर्द मेट्रोची पायाभरणी झाली. मार्गाच्या नावात पहिले नाव चारकोपचे. २०१४ साली तो करार रद्द झाला. मग मार्ग बदलला, नाव बदलले, दहिसर ते अंधेरी पश्चिम अशी मेट्रो आली आणि २०२२ पासून लोकांना घेऊन धावूही लागली. तिचा कारडेपो चारकोपला आहे. म्हणजे गाड्या झोपायला चारकोपला येतात. पण मार्गावर चारकोप नावाचे स्टेशन नाही, उतरायचे डहाणूकरवाडीला. गावाची जमीन प्रकल्पाला, गावाचे नाव पायाभरणीला आणि थांबा शेजारच्या गावाला, हा अनुभव महाराष्ट्रातल्या ज्या ज्या गावाला धरण, एमआयडीसी किंवा महामार्ग लाभला त्याला तोंडपाठ आहे. शहराच्या उपनगराला असे वागवत नाहीत. असे फक्त गावालाच वागवतात.

आता मुख्य पुराव्याकडे वळू. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यामागचा विचार साधा होता. सरकारने गरिबांना घरे बांधून द्यायची म्हटली तर एक तर ती पुरी होत नाहीत, किंवा पुरी झाली तर गरिबांना परवडत नाहीत. त्यापेक्षा जमीन आखून द्यावी, रस्ता, नळ, गटार, दिवे द्यावेत, जोते आणि संडास बांधून द्यावा, आणि भिंती-छप्पर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभारावे. चारकोप, गोराई, मालवणी या खाडीकाठच्या दलदलीच्या पट्ट्यात हा प्रयोग झाला. लहान भूखंड पंचवीस-तीस चौरस मीटरचे. मुख्य रस्त्यालगत मोठे भूखंड, ते बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशातून लहानांचा भार उचलायचा. लहान भूखंडांची मांडणी मात्र ओळीने केली नाही. तीस-पस्तीस घरे, मध्ये एक सामाईक चौक, सगळ्यांची दारे त्या चौकाकडे, आणि त्या घरांची मिळून एक सहकारी गृहनिर्माण संस्था. आराखडा काढणाऱ्याच्या मनात बहुधा गटाराची लांबी वाचवण्याचा, हवा खेळती ठेवण्याचा आणि मुलांना खेळायला जागा देण्याचा विचार असेल. ते तिन्ही थोडेफार साधले. पण तीस-पस्तीस दारे एकमेकांसमोर उघडी ठेवली की आणखी काय साधते, हे वॉशिंग्टनमध्ये बसून कळण्यासारखे नव्हते.

कळायला हरकत मात्र नव्हती, कारण याच बँकेने आधी जावात पैसे घातले होते. जकार्तात गव्हर्नर अली सादिकीन यांनी १९६९ साली शहरात अडकलेल्या गावांच्या, म्हणजे तिथल्या कांपुंगांच्या, सुधारणेचा कार्यक्रम सुरू केला. वस्ती न हलवता गल्लीला फरशी, गटाराला उतार आणि नळाला पाणी, एवढेच त्यात होते. १९७४ पासून जागतिक बँकेने त्याला कर्ज दिले. सुराबायासारख्या मोठ्या औद्योगिक शहरात योहान सिलास या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने आणि रहिवाशांनी मिळून तेच काम केले आणि तिथल्या कांपुंग केबालेनला १९८६ साली आगाखान पुरस्कार मिळाला. या कांपुंगांत तीस-चाळीस घरांचा एक गट असतो, त्याला आरटी म्हणतात. ही गटरचना दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी लोकांवर नजर ठेवायला घालून दिली. जपानी गेले, पण नजर ठेवायची सवय लोकांना आवडली असावी, कारण गट राहिले. गटप्रमुख निवडून येतो, रात्री पाळीपाळीने गस्त असते, आणि गल्लीच्या तोंडाशी पाटी असते की पाहुणा मुक्कामाला आला तर चोवीस तासांच्या आत प्रमुखाला कळवावे.

ही पाटी चारकोपमध्ये लावायचे ठरवले तर पाटीचा खर्च फुकट जाईल. चौकातल्या पहिल्या घराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या काकूंना पाहुणा रिक्षातून उतरताना दिसतो. चोवीस तास कशाला, त्याने रिक्षावाल्याला सुटे पैसे देईपर्यंत तो माहेरचा की सासरचा हे ठरलेले असते. बॅगेच्या आकारावरून मुक्काम किती रात्रींचा तेही ठरते. ‘काय वहिनी, पाहुणे आले वाटतं?’ हा प्रश्न माहितीसाठी विचारलेला नसतो. हाती आलेली माहिती दुसऱ्या सूत्राकडून पक्की करून घ्यायची ती पद्धत आहे, आणि वर्तमानपत्रांनी ती अलीकडे सोडून दिली असली तरी चारकोपने सोडलेली नाही. जावातल्या गटप्रमुखाला नोंदवही ठेवावी लागते. इथे नोंदवही नाही, तरी पाच वर्षांपूर्वी कोणाच्या घरी कोणत्या सुटीत कोणता भाचा किती दिवस राहिला आणि जाताना रडला की नाही, याचा तपशील मागितल्यास मिळतो. न मागितल्यासही मिळतो.

गावाला कारभार लागतो, तोही आहे. सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार ही त्रिमूर्ती तीस-पस्तीस घरांवर राज्य करते आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत तिचा पंचनामा होतो. टॉवरमधल्या सोसायटीत सभासद एकमेकांना त्या सभेतच पहिल्यांदा भेटतात, म्हणून तिथे भांडण कागदावरच्या मुद्द्यांवर होते. चारकोपच्या चौकात ते मुद्द्यावर सुरू होते आणि वीस मिनिटांत १९९२ सालच्या एका बादलीवर पोहोचते. पाण्याची वेळ, टाकी धुण्याची वर्गणी, कोणाच्या कुंड्या सामाईक जागेत आल्या, कोणाची मोटारसायकल कोणाच्या दारासमोर, कोणी परवानगीपेक्षा एक मजला जास्त चढवला आणि तो चढवताना आपल्या भिंतीला तडा कसा गेला, या सगळ्या दाव्यांची सुनावणी चावडीवर होत असे तशी होते, आणि निकालही चावडीसारखाच लागतो, म्हणजे लागत नाही. पण त्याच रात्री तडा गेलेल्या घरात कोणाच्या छातीत दुखू लागले तर त्याला उचलून रिक्षात घालणारा पहिला माणूस जास्तीचा मजला चढवणाराच असतो. दावा मागे घेतला जात नाही, तो फक्त पुढच्या तारखेला ठेवला जातो.

बलुतेदारांचेही बघू. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा कुणबी, बारा बलुतेदार आणि त्यांच्या हक्कांचा हिशेब त्यांनी मांडला. चारकोपच्या सेक्टरात आजही बाराचा आकडा सहज भरतो: दूधवाला, पेपरवाला, पाववाला, इस्त्रीवाला, कचरा नेणारा, भंगारवाला, केबलवाला, प्लंबर, टाकी धुणारा, शिलाई करणाऱ्या ताई, पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण. फरक दोन आहेत. बलुते धान्याऐवजी क्यूआर कोडवर जाते. आणि जुन्या गावात बलुतेदार गावावर अवलंबून असे, इथे गाव बलुतेदारावर अवलंबून आहे. प्लंबर आठवडाभर मूळ गावी गेला की सेक्टरातली निम्मी घरे बादल्या लावून बसतात आणि त्याची बायको बाळंत झाली का याची चौकशी इतक्या कळकळीने होते की सख्ख्या मामानेही कधी केली नसेल.

उत्सवाशिवाय गाव पुरे होत नाही, म्हणून ‘चारकोपचा राजा’चे उदाहरण घेतो. २०२५च्या माघी गणेशोत्सवाच्या तोंडावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींबाबत उच्च न्यायालयाने सक्त भूमिका घेतली. उंच मूर्ती खाडी-समुद्रात विसर्जित करायला मनाई, आणि कृत्रिम तलावात विसर्जन मंडळाला मान्य नव्हते. तेव्हा राजा थांबला. फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख-ज्येष्ठ गेले, आषाढही गेला. न्यायालयाने परवानगीची वाट मोकळी केल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे माघात आलेला बाप्पा श्रावणात मार्गस्थ झाला, आणि लगेच भाद्रपदातल्या बाप्पाच्या मांडवाची तयारी करायची वेळ आली. प्रदूषणाचा मुद्दा रास्त आहे आणि खाडीकाठच्या गावाला तो इतरांपेक्षा जास्त कळायला हवा, हे इथेच नोंदवून ठेवतो. पण सहा महिने पाहुण्याला ‘आता निघा’ असे न म्हणता सांभाळणे हे महानगराचे लक्षण नाही. महानगरात पाहुण्याला आल्या आल्या परतीचे तिकीट कधीचे आहे ते विचारतात.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा. जिथे कोणी नांगर धरत नाही ते गाव कसले? याचे उत्तर जावातच आहे. टेरी मॅक्गी या भूगोलतज्ज्ञाने १९८०च्या दशकाअखेर आणि पुढे दाखवून दिले की जावाच्या मोठ्या शहरांभोवती भातखाचरे आणि कारखाने इतके एकमेकांत मिसळले आहेत की कुठे शहर संपते ते सांगता येत नाही; एकाच घरातला एक जण शेतात, एक जण पाळीवर आणि एक जण मोपेडवर काहीतरी विकत फिरतो. तरी त्या वस्तीचा गावपणा कोणी काढून घेत नाही. चारकोपची गोष्ट याहून मजेशीर आहे. ते ज्या औद्योगिक शहराच्या कुशीत वसवले गेले त्या शहराचा उद्योगच तेव्हा उठत चालला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, भोंगे थंडावले, आणि त्यानंतर तीन वर्षांनी चारकोपच्या प्रकल्पाला पैसे आले. म्हणजे शहराने गाव गिळायला तोंड उघडले तेव्हा शहराचेच दात पडले होते. चारकोपला सरकारी औद्योगिक वसाहत आहे, तिथे गाळे आहेत, कामही चालते. पण ज्या शहराच्या भीतीने गावे आपले गावपण सोडतात ते शहर इथे पोहोचेपर्यंत दमले होते.

दुसरा आक्षेप चारकोपचे रहिवासी स्वतःच घेतात, म्हणून तो जास्त अवघड आहे. त्यांना विचारा, ‘तुमचं गाव कुठलं?’ उत्तर येते देवगड, गुहागर, संगमेश्वर, पाटण, जुन्नर. ‘चारकोप’ असे कोणी म्हणत नाही. गणपतीत आणि शिमग्यात चौक निम्मा रिकामा होतो. १९९८च्या जानेवारीपासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी त्या दिवसांत आरक्षण मिळणे हा अजूनही कर्तबगारीचा भाग आहे. मग हे लोक गावकरी कुठले, ते तर गावाबाहेर राहणारे चाकरमानी. पण जकार्ता बघा. ईदच्या आधी लाखो माणसे तिथून जावातल्या आपापल्या मूळ गावी निघतात, रस्ते तुंबतात, बोटी भरतात, आणि राजधानी काही दिवस ओस पडते. त्यावरून जकार्ताचे कांपुंग गाव नाहीत असे तिथे कोणी म्हणत नाही. माणसाला एकच गाव असावे असा कायदा नाही. उलट मूळ गावी गेलेला चारकोपकर तिथे चार दिवसांत अस्वस्थ होतो, कारण तिथल्या घरांमधले अंतर जास्त. समोरच्याने काय आणले हे वाडीत बसून दिसत नाही. तो परत येतो तेव्हा काजू, आमसुले आणि खाजे घेऊन येतो आणि चौकात सर्वांना वाटतो. गीर्ट्झने जावात पाहिलेल्या जेवणावळीतून शेजारी केळीच्या पानात बांधून भात घरी नेतात. इथे सत्यनारायणाचा शिरा पेपर डिशमध्ये, वरून दुसरी पेपर डिश पालथी घालून नेतात. या दोन गोष्टींवर वेगवेगळे प्रबंध लिहायची गरज नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला विनोदाने उडवून लावणे बरे नव्हे. गावाचे इतके गोडवे कशाला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या उदात्तीकरणाची झाडाझडती घेतली होती, आणि ती घ्यायला त्यांच्याकडे पुरेशी कारणे होती. गावगाड्यात कोणी कुठे राहायचे, कोणी कुठून पाणी भरायचे हे जन्माने ठरत होते. त्यातल्या कित्येकांना शहर हेच मोकळ्या हवेचे ठिकाण होते. जावातही सामूहिक श्रमदानाचे गुणगान सुकार्नो यांनी १९४५ साली राष्ट्राच्या पायाभरणीत घातले, आणि पुढे अभ्यासकांनी दाखवले की त्या सुंदर कल्पनेच्या आडून सरकारला फुकट मजूर मिळत गेले. हे सगळे खरे आहे. म्हणूनच चारकोपचे प्रकरण लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. इथे शेजार ठरला तो म्हाडाच्या सोडतीने. वेस कुठे, वाडा कुठे, वस्ती कुठे याचा निर्णय पाटलाने केला नाही, चिठ्ठीने केला. त्यामुळे ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या आळीतून जाताना दहादा विचार केला असता त्यांची नातवंडे एकाच चौकात क्रिकेट खेळली आणि एकाच खिडकीची काच फोडल्याबद्दल एकत्र ओरडा खाल्ला. जात गेली असे म्हणण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. लग्नाच्या पत्रिका आजही तिचा पत्ता विचारूनच छापल्या जातात, आणि भाडेकरू ठेवताना आडनाव ऐकून कपाळावर येणारी आठी सेक्टरातही येते. पण नळ एकच होता आणि त्याच्या रांगेचा क्रम बादलीने ठरत होता. गावाची चौकशीखोर जवळीक राहिली आणि गावाची उतरंड निदान आराखड्यात तरी शिरली नाही, अशी सोय आपल्याकडे इतरत्र सहसा झालेली दिसत नाही.

इथे जागतिक बँकेचा पुढचा अंक सांगायलाच हवा. प्रकल्प १९९४च्या सुमारास आवरला आणि बँकेने या तऱ्हेच्या योजनांवर जवळजवळ फुली मारली: जमीन शहरापासून लांब, लोक येत नाहीत, घरे अर्धवट, पैसे वसूल होत नाहीत. दोन दशकांनी बँकेच्याच अभ्यासकांनी मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वसाहती पुन्हा पाहिल्या, आणि आपण ज्याला अपयश म्हटले ते यशच होते काय, असा प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच घातला. झाडे वाढलेली, दुकाने चाललेली, मजले चढलेले आणि निरनिराळ्या ऐपतीची कुटुंबे एकाच वस्तीत. बँकेला जे समजायला वीस वर्षे लागली ते समजण्याची सोय चारकोपमध्ये पहिल्या दिवसापासून होती. पायरीवरच्या काकूंना विचारायचे एवढेच राहून गेले.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. आता बैठी घरे तरी किती दिवस टिकणार? पुनर्विकास आला आहे. बिल्डरांची पत्रके दारात पडतात, काही सोसायट्यांनी मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसारख्या बँकांकडून कर्ज काढून स्वयंपुनर्विकासाची वाट धरली आहे, आणि चौकाच्या जागी लिफ्ट उभी राहते आहे. लिफ्टमध्ये माणूस शेजाऱ्याशी बोलत नाही, मजल्यांचे आकडे वाचतो. तेव्हा चारकोप उद्या शहर होईल, हे भाकीत सयुक्तिक वाटते. त्यावर दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक, दाटीच्या, गळक्या, तिसऱ्या मजल्याच्या लोखंडी जिन्यावरून गुडघे धरत उतरणाऱ्या माणसाला मोठे घर आणि लिफ्ट हवी असेल तर त्याला गावपणाचे महत्त्व सांगणारा लेख वाचायला देऊ नये. त्याला लिफ्ट द्यावी. दुसरे, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सातच्या आत कोणाच्या दुधाची पिशवी फाटली, कोणाचा मुलगा रात्री दीडला आला आणि वॉचमन त्या वेळी काय करत होता हे सगळे छायाचित्रांसह येते. पायरी गेली, तांदूळही आता निवडून येतात, पण खाते शिल्लक आहे आणि त्याचा कारभार पूर्वीपेक्षा वेगाने चालतो. तरीही जे नवे आराखडे काढत आहेत त्यांना एक विनंती आहे. पार्किंगचे मजले किती घालायचे ते घाला, पण खाली अशी एक जागा ठेवा जिथून येणारा-जाणारा दिसतो आणि जिथे बसायला कोणाची परवानगी लागत नाही. १९८५च्या आराखड्यातली ती सर्वांत स्वस्त गोष्ट होती, आणि तीच सर्वांत जास्त टिकली.

तेव्हा निकाल असा. चारकोप हे गाव आहे, १९५७चे कागद काहीही म्हणोत आणि मेट्रोचे स्टेशन कुठेही असो. ज्या वाचकाला अजून शंका असेल त्याने वाद घालत बसू नये. चारकोपच्या एखाद्या सेक्टरात, चौकाकडे दार असलेले घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्यावे आणि आपण काय करतो, पगार किती, लग्न झाले की नाही आणि झाले असल्यास अजून मूल का नाही, यातले काहीही कोणालाही न सांगता आठ दिवस राहून दाखवावे. तो जिंकला तर चारकोप शहर आहे असे मी लिहून देईन. मात्र डिपॉझिट किती भरले हे आधीच सगळ्यांना कळलेले असेल, तेवढे त्याने मनाला लावून घेऊ नये.